मनोरा हवा, पण असला नको!

2024 सालच्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या पोरांनी अजिंक्यताऱ्याचा किल्ला केला. साताऱ्याच्या पोरांनी दुसरा कुठला करावा? दगड रचले, पोती अंथरली, माती थापली, अळीव पेरले, मावळे आणि तोफा जागच्या जागी बसवल्या. आणि सारे साजरे झाल्यावर एका नऊ वर्षांच्या चिरंजीवांनी मोडक्या छत्रीच्या काड्यांचा एक उंच सांगाडा आणून थेट किल्ल्याच्या माथ्यावर खोचला!

शेजारचे आजोबा कडाडले, "अरे गाढवा, किल्ल्यावर हे काय भूत उभं केलंस?"

पोरगा मुळीच डगमगला नाही. म्हणाला, "खऱ्या किल्ल्यावर आहे की, आजोबा! गच्चीत चला, दाखवतो."

आजोबांना गच्चीत जायची गरज नव्हती. अजिंक्यताऱ्यावर दूरदर्शनचा मनोरा आहे, तसाच तो सिंहगडावरही आहे, हे त्यांना आणि मला चांगले ठाऊक होते. आजोबा हसले, पोरे हसली. मला मात्र हसू येईना. त्या मुलाने काही चुकीचे केले नव्हते. त्याने जसे पाहिले तसे मांडले होते. लोखंडाचा सांगाडा हा किल्ल्याचाच एक अवयव आहे, बुरुज तसा तो, अशी त्या कोवळ्या डोळ्यांची प्रामाणिक समजूत होती. कुरूप गोष्ट जोवर डोळ्यांना खुपते तोवर तिच्याशी भांडता येते. ती खुपेनाशी झाली म्हणजे भांडण संपले आणि ती जिंकली!

वाचकहो, फराळाच्या ताटात हे कारले कशाला वाढता, असे तुम्ही म्हणाल. पण तुमच्यापैकी बहुतेकांच्या खिशात किंवा उशाशी या घटकेला एक मोबाईल फोन आहे, आणि तुमच्या घराच्या हाकेच्या अंतरावर कुठेतरी त्याचा मनोरा आहे. फोनवर आपले प्रेम आहे, मनोऱ्यावर आपला राग आहे. दूध हवे, पण दारात गाय नको, असा हा आपला कारभार आहे. तेव्हा सणाच्या निमित्ताने घर झाडले तसे थोडे मनही झाडू या. झाडणीची सुरुवात मी माझ्यापासूनच करतो.

*

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक चारमजली इमारत आहे. 2021 साली एके सकाळी आम्ही उठून पाहतो तो तिच्या गच्चीवर लोखंडी मनोरा उभा! कुणाला विचारले नाही, कुणाला सांगितले नाही. इमारतीच्या मंडळींना गच्चीचे भाडे मिळू लागले, त्यांची वर्गणी उतरली. आमच्या वाट्याला आले ते दर्शन. लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर सतरा पेट्या, भिंतीवरून सापासारख्या लोंबणाऱ्या काळ्या तारा आणि वीज गेली की रात्री दोन वाजता धडधडणारे जनित्र. आमच्या गल्लीतून किल्ल्याचा जो माथा दिसे, त्याच्या बरोबर मध्ये हे धूड येऊन बसले.

गल्लीत चित्रकलेचे एक निवृत्त शिक्षक राहतात. आम्ही सारे त्यांना नाना म्हणतो. संध्याकाळी ओट्यावर बसून किल्ल्यावरचे उतरते ऊन कागदावर पकडायचे, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. अर्ज करायचे ठरले तेव्हा नाना म्हणाले, "लिहा की हे फार कुरूप आहे. आमच्या डोळ्यांना त्रास होतो. जरा नीट करून द्या, किंवा पलीकडे सरकवा."

सारी बैठक हसली. "नाना, सौंदर्याला कचेरीत कोण विचारतो? कॅन्सर लिहा, कॅन्सर! मग बघा साहेब कसा धावत येतो." आणि मी, गल्लीतला लिहिता माणूस, चार कादंबऱ्यांचा धनी, मुलांना 'नेहमी खरे बोलावे' हा धडा शिकवणारा मास्तर, मी तो अर्ज लिहिला. वळणदार अक्षरात कर्करोग लिहिला, गर्भपात लिहिले, चिमण्या नाहीशा झाल्याचेही लिहिले. खाली साठ सह्या झाल्या. नानांचीही झाली, पण सर्वांत शेवटी.

अर्ज, मोर्चा, वर्तमानपत्रात छायाचित्र, असे सारे यथासांग होऊन 2023 च्या उन्हाळ्यात मनोरा उतरला. आम्ही पेढे वाटले. फोन पूर्वीसारखा लागेना, हे लवकरच कळले. आमची गल्ली डोंगराच्या कुशीत, जुन्या घरांच्या भिंती दगडी. घरात बोलणे तुटू लागले, काही खोल्यांत तर फोन मुकाच झाला. "चालायचंच," आम्ही म्हणालो, "कॅन्सरपेक्षा बरं!"

2024 च्या आषाढात एका रात्री पावसाने वीज गेली होती. दीडच्या सुमारास दार वाजले. नानांच्या घरच्या काकू भिजून उभ्या होत्या. नाना जमिनीवर पडले होते, तोंड वाकडे झाले होते, आणि काकूंचा फोन लागत नव्हता. माझाही लागेना. मी गच्चीत गेलो, नाही. तसाच पावसात धावत मोठ्या रस्त्यावर गेलो, तेव्हा कुठे 108 ला आवाज पोहोचला. रुग्णवाहिका आली, नाना वाचले. पण पक्षाघाताच्या उपचारात वेळेला किती मोल असते, हे त्यानंतर मला डॉक्टरांनी समजावले. रक्ताची गाठ विरघळवणारे औषध साधारण साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे; प्रत्येक मिनिटाला मेंदूतले काही ना काही मरत असते. नानांचा उजवा हात आता उचलत नाही. ज्या हाताने किल्ला काढला, तो हात.

मनोरा असता तर हात वाचला असता, असे मी म्हणणार नाही. डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण त्या पावसात मी धावत होतो तेव्हा माझ्याच अक्षरातला तो अर्ज माझ्यापुढे धावत होता, एवढे मात्र खरे.

*

तेव्हा आधी या कर्करोगाचा समाचार घेऊ. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने या रेडिओलहरींना 'कदाचित कर्ककारक' अशा वर्गात घातले. एवढे एक वाक्य आम्हांला पुरले! त्याच वर्गात आशियाई पद्धतीच्या खारवलेल्या भाज्या आहेत आणि कोरफडीच्या सबंध पानाचा अर्कही आहे, हे आम्ही वाचलेच नाही. 'कदाचित' याचा तिथला अर्थ असा की पुरावा तोकडा आहे, शंका मिटलेली नाही. शंका आहे म्हणून सावध राहावे, हे योग्यच. आपल्या सरकारने 1 सप्टेंबर 2012 पासून मनोऱ्याच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांशावर आणली ती त्याच सावधगिरीने. मनोऱ्यांची माहिती लोकांना पाहता यावी म्हणून 2017 साली 'तरंग संचार' नावाची सोयही केली. आमच्या साठ सह्यांपैकी एकानेही ती उघडून पाहिली नव्हती. माझा त्यातच समावेश.

आणि मौज पाहा. मनोऱ्यावरच्या त्या उभट पेट्या लहरी फेकतात त्या समोर, दूरवर, किंचित खाली झुकवून; ज्या गच्चीवर त्या उभ्या असतात तिच्या अगदी खाली त्यांचा झोत फारच थोडा पोहोचतो. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आमच्या आजीला ठाऊक होती, ती पदवीधरांच्या सभेत कुणाला आठवली नाही. त्याहून मोठी गोष्ट अशी की मनोरा दूर गेला म्हणजे आपला हातातला फोन मोठ्याने ओरडू लागतो. क्षीण आवाज ऐकू येत नाही म्हणून माणूस जसा घसा ताणतो तसा तो आपली शक्ती वाढवतो, आणि हा ओरडणारा प्राणी आपण कानाला लावून बसलेलो असतो! म्हणजे लहरींच्या भीतीने मनोरा हाकलायचा आणि लहरींचा उगम कानशिलाशी वाढवून घ्यायचा. याला शहाणपण म्हणायचे असेल तर वेडेपणाला नवा शब्द शोधावा लागेल.

परंतु आमचा खरा अपराध निराळाच आहे. आमचे दुखणे होते कुरूपतेचे, आम्ही सांगितले कर्करोगाचे. निदान खोटे दिले की औषध चुकते. कुरूपता हे दुखणे असते तर औषध सोपे होते: रंग बदला, तारा नळीत घाला, जनित्राला आवाजबंद खोका करा, चार हात पलीकडे सरका. पण कर्करोग म्हटल्यावर एकच औषध उरते, हाकलून द्या. आम्ही सौंदर्याची बाजू सौंदर्याच्या नावाने मांडायला लाजलो. आपल्या देशात भूक, रोग, पाणी यांच्यासाठी भांडताना मान ताठ ठेवता येते. पण 'माझ्या गल्लीचे रूप बिघडले' एवढे म्हणताना माणसाला चोरट्यासारखे वाटते. जणू डोळे हा देहाचा भागच नव्हे!

*

आता दुसऱ्या पक्षाकडे वळतो. माझी कबुली ऐकून मनोरेवाल्यांना गुदगुल्या होत असतील, तर त्यांनी जरा थांबावे.

31 जुलै 1995 रोजी कलकत्त्याहून ज्योती बसूंनी दिल्लीत सुखराम यांच्याशी मोबाईलवरून बोलून या देशात या यंत्राचा श्रीगणेशा केला. त्याला तीस वर्षे होऊन गेली. या तीस वर्षांत तुमच्या फोनने दहादा रूप पालटले. तो पातळ झाला, गुळगुळीत झाला, त्याची कड कशी वळावी यावर थोर थोर कारागीर डोकी घासतात. खिशात राहणाऱ्या वस्तूचे इतके कौतुक, आणि साऱ्या गावाच्या डोळ्यांपुढे अष्टौप्रहर उभी राहणारी वस्तू मात्र जशी कारखान्यातून आली तशी खिळ्यांनी ठोकायची! कारण उघड आहे. फोन गिऱ्हाइकाला विकायचा असतो. मनोऱ्याकडे पाहणाऱ्याला काहीच विकायचे नसते.

आणि विचारणे? 2022 साली नियमांत दुरुस्ती झाली, तिने खाजगी जागेवर मनोरा उभारताना सरकारी परवानगीची अट काढून आगाऊ लेखी सूचना आणि इमारतीच्या मजबुतीचा दाखला यावर काम भागवले. घरमालकाशी करार झाला, भाडे ठरले, संपले. ठीक आहे, घर त्याचे, गच्ची त्याची. पण त्या गच्चीवरचे आकाश कुणाचे? आकाश काही सातबाऱ्यावर चढलेले नाही. ते जितके मालकाचे तितकेच समोरच्या ओट्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्याचे. कराराच्या कागदावर त्या म्हाताऱ्यासाठी एक ओळही नसते.

'काम महत्त्वाचे, रूप कसले पाहता?' असे कुणी व्यवहारी गृहस्थ म्हणतील. त्यांना मी इंग्रजांचे उदाहरण देतो, कारण इंग्रजांइतका व्यवहारी प्राणी शोधून सापडणार नाही. रस्त्यावरचा टेलिफोन ठेवायला खोके हवे होते, तेव्हा त्यांनी 1924 साली त्याच्या आराखड्याची स्पर्धा घेतली. जाइल्स गिल्बर्ट स्कॉट या मोठ्या वास्तुशिल्पकाराचा आराखडा निवडला. चर्च बांधणारा माणूस टेलिफोनच्या खोक्यासाठी बसवला! तेच ते जगप्रसिद्ध लाल खोके. पुढे काही निसर्गरम्य खेड्यांतून लाल रंगाविषयी कुरकुर झाली, तेव्हा तिथली खोकी करड्या रंगात रंगवली. टेलिफोन थांबला नाही, खेडेही बिघडले नाही. आज त्या खोक्यांत फोन करायला कोणी जात नाही, तरी लोक ती जतन करतात.

पॅरिसचा आयफेल मनोरा तर याहून बोलका. 1887 साली त्याचे काम सुरू होताच मोपासाँ, गुनो यांच्यासारख्या नामवंत लेखक-कलावंतांनी त्याच्याविरुद्ध जाहीर निषेधपत्र काढले. वीस वर्षांनी तो पाडायचा, असा करार होता. तो वाचला कशामुळे? बिनतारी संदेशांसाठी त्याची उंची उपयोगी पडली म्हणून! म्हणजे साऱ्या जगाच्या भिंतीवर ज्याची चित्रे लटकतात तो मनोरा एका अर्थी आपल्या मोबाईलच्या मनोऱ्याचा पणजोबाच आहे. "पाहा, पाहा," मनोरेवाले म्हणतील, "कालांतराने आमचेही कौतुक होईल!" महाशय, पणजोबाच्या मिशा होत्या म्हणून पणतूला पीळ देता येत नाही. त्या लोखंडाची प्रत्येक कमान कुणीतरी डोके लावून वळवली होती. तुमची कोणी वळवली?

पण मी पॅरिसला कशाला जातो? जेजुरीला जातो. गावोगावच्या देवळापुढे जातो. आपल्याकडे उंच मनोरा बांधायची रीत होतीच. तिचे नाव दीपमाळ! तिचे काम काय? दिवे उंचावर धरायचे, लांबवरच्या माणसाला दिसावे म्हणून. मोबाईलचा मनोरा तरी दुसरे काय करतो? पण दीपमाळ वर्षातून थोड्याच रात्री पेटते. बाकी सारे दिवस ती नुसती उभी असते, नुसती दिसते. बांधणाऱ्या गवंड्याने हे ओळखले, म्हणून त्याने ती पेटण्यासाठी बांधली तशी दिसण्यासाठीही बांधली. खाली रुंद, वर निमुळती, दिव्यांचे हात मोजून मापून काढलेले. त्या गवंड्याजवळ ना पदवी होती ना संगणक. त्याच्याजवळ एक जाणीव होती, की ही वस्तू माझी नव्हे, गावाची आहे.

*

मग करायचे काय? नुसती कडकड करून मास्तरकी संपत नाही. फळ्यावर उत्तर लिहावे लागते.

पहिले, मनोरे हवेत आणि आणखी हवेत, हे मनाशी मान्य करा. ऑक्टोबर 2022 पासून आपल्याकडे फाइव्ह-जी आले. त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उंच पट्ट्यांतल्या लहरी फार दूर जात नाहीत आणि भिंतींतून नीट आरपारही जात नाहीत. म्हणून साधने जवळजवळ आणि संख्येने जास्त लागणार. पण जवळ असलेले साधन लहान असू शकते. एक राक्षस उभा करण्यापेक्षा रस्त्याच्या दिव्यांच्या खांबांवर, दिव्याच्याच रंगाच्या दहा लहान पेट्या बऱ्या. त्यांची वाट 2022 च्या त्याच दुरुस्तीने मोकळी केली आहे.

दुसरे, जिथे उंची हवीच, तिथे एकाच मनोऱ्यावर साऱ्या कंपन्यांनी बसावे, आणि तो आधी सार्वजनिक जागी शोधावा: पाण्याची टाकी, एस.टी.चे स्थानक, बाजारची इमारत. इंग्लंडच्या चर्चने 2018 साली सरकारशी समझोता करून खेड्यांतल्या आपल्या मनोऱ्यांवर ही साधने बसवायला दारे उघडली. आपल्या टाक्या काही चर्चपेक्षा सोवळ्यात नाहीत!

तिसरे, उभारण्यापूर्वी महिनाभर गल्लीच्या तोंडाशी फलक लागावा आणि त्यावर चित्र असावे. हा मनोरा असा दिसेल, या रंगाचा, एवढ्या उंचीचा. लोकांनी म्हणणे मांडावे. 'नको' एवढेच म्हणून भागणार नाही, 'मग कुठे?' हेही सांगावे.

चौथे, रूपाची जबाबदारी कुणावर तरी टाका. मुंबईचे सर जे. जे. कलाशाळा 1857 पासून चित्रकार घडवते आहे. सरकारने एक स्पर्धा लावावी: डोंगराळ गावासाठी एक आराखडा, जुन्या पेठेसाठी एक, नव्या वसाहतीसाठी एक. मात्र सोंगे नकोत. अमेरिकेत 1992 साली डेन्व्हर शहरी मनोऱ्याला पाइन वृक्षाचे सोंग दिले आणि तेव्हापासून प्लास्टिकच्या झाडांची जगभर लागवड झाली. मनोऱ्याने नारळ होऊ नये. त्याने चांगला मनोरा व्हावे. दीपमाळ कधी झाड झाली नाही.

पाचवे, जे मेले ते उचला. 2016 नंतर कित्येक कंपन्या बुडाल्या, कित्येक एकमेकींत विरल्या. पण कंपनी गेली म्हणून तिचे लोखंड आपोआप खाली उतरत नाही. ज्याने उभारले त्याच्याकडून उतरवण्याची अनामत आधीच घेऊन ठेवावी.

आणि सहावे आपल्यासाठी. 2022 च्या जुलैत केंद्र सरकारने देशातल्या 24,680 गावांत फोर-जी पोहोचवण्यासाठी 26,316 कोटी रुपये मंजूर केले. म्हणजे तोवर इतकी गावे कोरडी होती! 2020 साली शाळा बंद पडल्या तेव्हा कोकणातली पोरे फोनला आवाज सापडावा म्हणून डोंगरावर जाऊन अभ्यासाला बसली. माझ्याही वर्गातली काही मुले त्या वर्षी माझ्या हाकेच्या पलीकडे गेली. ती परत आली तेव्हा वाचायला विसरली होती. ज्यांना मनोरा मिळत नाही त्यांच्यापुढे उभे राहून 'आम्हांला तो नको' म्हणताना आपला आवाज थोडा तरी कापायला हवा.

*

यंदा आमच्या गल्लीत पुन्हा बैठक झाली. अर्ज पुन्हा मीच लिहिला. त्यात कर्करोग नाही, चिमण्या नाहीत. 'आम्हांला मनोरा हवा आहे. तो पाण्याच्या टाकीवर बसवावा, राखी रंगाचा असावा, तारा झाकलेल्या असाव्यात आणि किल्ल्याचा माथा मोकळा राहावा', एवढेच आहे. सह्या मात्र साठ झाल्या नाहीत, एकोणीसच झाल्या. भीतीला सह्या भराभर मिळतात, सौंदर्याला मागाव्या लागतात. तरी मी अजून दारोदार हिंडतो आहे.

पहिली सही नानांनी केली, डाव्या हाताने. अक्षर वेडेवाकडे आले. कागद माझ्या हाती देताना ते म्हणाले, "मास्तर, मनोरा नको असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं. असला नको, एवढंच म्हटलं होतं. तुम्ही ते लिहिलं नाहीत."

वाचकहो, दिवाळीत आकाशकंदील लावताना आपण पायरीवरून खाली उतरतो, रस्त्यावर जातो आणि तिथून वर पाहतो. कसा दिसतो? वाकडा तर नाही ना? कंदील आपला, वीज आपली. पण पाहणारा रस्त्यावरचा आहे, हे त्या क्षणी आपल्याला न शिकवता कळते. मनोरे उभारणाऱ्यांनी एकदा तरी असे खाली उतरून वर पाहावे. आणि मनोरे हाकलणाऱ्यांनी एकदा तरी, पावसाळ्यातल्या एका रात्री दीड वाजता, न लागणारा फोन हातात धरून पाहावे. मग दोघांनी मिळून अर्ज लिहावा. तो खरा असेल.